कोरडवाहू भागातला मध आणि सोलापूरचे एक सर्जन

मागच्या उन्हाळ्यात सिन्नरच्या पूर्वेकडच्या एका गावातून एक काका तपासणीला आले होते. वय पासष्टच्या आसपास, मधुमेह बारा वर्षांचा, पण साखर बऱ्यापैकी आटोक्यात. या वेळी मात्र तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, साडेसातवरून सव्वानऊवर गेली होती. गोळ्या चुकल्या नव्हत्या, जेवण वाढलं नव्हतं. बराच वेळ विचारपूस केल्यावर काकूंनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. आत काळपट तांबूस, घट्ट मध होता.

"ही साखर नाही हो डॉक्टर," काका म्हणाले. "दुष्काळी भागातला मध आहे. बोरी-बाभळीचा. यात अँटिऑक्सिडंट जास्त असतात म्हणे." मोठे दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी, असं दीड-दोन महिने चाललं होतं.

एका मोठ्या चमच्यात साधारण २१ ग्रॅम मध बसतो आणि त्यात १७ ग्रॅमच्या आसपास साखर असते. चार चमचे म्हणजे रोज जवळजवळ ७० ग्रॅम साखर. एचबीएवनसीचं कोडं तिथेच सुटलं. पण काकांनी विचारलेला प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. कोरड्या भागातल्या मधात खरंच काही वेगळं असतं का? याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं, आणि वाटेत आपल्याच महाराष्ट्रातल्या एका कोरड्या जिल्ह्याचं नाव लागतं. ते फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून हा लेख.

कोरडी जमीन आरोग्याला चांगली, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेत प्रदेशाचे तीन प्रकार सांगितले आहेत: जांगल, आनूप आणि साधारण. आनूप म्हणजे पाणथळ, दमट. जांगल म्हणजे कोरडा, मोकळा, वारा-उन्हाचा. या जांगल प्रदेशातल्या झाडांच्या यादीत खैर आहे, बोर आहे, आवळा आहे. ही यादी वाचली की मला येवला-नांदगावचा माळ दिसतो. आपल्या नाशिक जिल्ह्यात तर दोन्ही प्रदेश एकाच एसटीच्या तिकिटात बघायला मिळतात. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सिन्नर-येवल्याकडे ५००-६०० मिलिमीटर पडला तरी लोक बरं वर्ष म्हणतात.

मधाबद्दलही हे ग्रंथ सविस्तर बोलतात. चरकाने मधाचे चार प्रकार मानले, सुश्रुताने आठ. माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक ही त्यांतली नावं, आणि बहुतेक नावं माशीवरून पडलेली आहेत. म्हणजे आजही आपण आग्या मोहोळाचा, सातेरीचा, फुलोरीचा मध असं म्हणतो तसंच. मध नवा की जुना याला महत्त्व होतं. तो तापवू नये असा दंडक होता. आणि सुश्रुताला, जो मुळात शल्यचिकित्सक होता, मध जखम स्वच्छ करणारा आणि भरून आणणारा म्हणून हवा होता. तूप आणि मध जखमेवर लावण्याचा उल्लेख त्याच्याकडे आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरीकडेही तेच दिसतं. ग्रीसमध्ये अथेन्सजवळच्या हिमेटस डोंगराचा मध डायोस्कोरिडीस या वैद्याने पहिल्या शतकात सर्वांत उत्तम ठरवला. तो डोंगर रखरखीत, वर थाइमची झुडपं. येमेनमधल्या हद्रमौतच्या कोरड्या खोऱ्यांतला 'सिद्र' मध आज जगातल्या महागड्या मधांपैकी एक आहे. सिद्र म्हणजे दुसरं तिसरं काही नसून बोरीच्या जातीचंच झाड. आपल्या माळावरच्या बोरीची ती सख्खी चुलत बहीण. तेव्हा काकांचा बोरीच्या मधावरचा विश्वास अगदीच हवेतला नव्हता.

मग कोरड्या हवेमुळे मधात नेमका काय फरक पडतो? पहिली गोष्ट म्हणजे पाणी. माश्या फुलातला पातळ मकरंद पोळ्यात आणून पंखांनी वारा घालून आटवतात. हवा दमट असेल तर तो पुरेसा आटत नाही. घाटमाथ्यावरचा, विशेषतः सातेरी माशीचा मध त्यामुळे पातळ असतो आणि लवकर आंबतो. कोरड्या भागात काम सोपं होतं, मध घट्ट उतरतो. भारतीय अन्नसुरक्षा मानकांत मधातल्या पाण्याची मर्यादा साधारण २० टक्के आहे. त्याच्या बऱ्याच खाली असलेला मध वर्षानुवर्षं टिकतो, कारण त्यात जंतूंना वाढायला मोकळं पाणीच मिळत नाही. उलट जंतूच्या अंगातलं पाणी मध ओढून घेतो. कैरीच्या लोणच्यात मीठ जे करतं तेच इथे साखर करते.

टिकाऊपणाचा हा गुण खरा आहे. पण काकांच्या तोंडी होता तो शब्द वेगळा: अँटिऑक्सिडंट.

हा शब्द आपल्या स्वयंपाकघरात आला त्याला फार वर्षं झालेली नाहीत. १९५६ साली डेनहॅम हार्मन या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडलं की शरीरात ऑक्सिजनच्या वापरातून काही अस्थिर, तापट रेणू तयार होतात, ते पेशींची नासधूस करतात आणि म्हातारपण त्यातूनच येतं. या रेणूंना फ्री रॅडिकल म्हणतात आणि त्यांना शांत करणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत या कल्पनेची लाट आली. फळं, चहा, द्राक्षं, वाइन, सगळ्यांचे अँटिऑक्सिडंट मोजले गेले. मधाचाही नंबर लागला. १९९८ मध्ये अमेरिकेत चौदा वेगवेगळ्या फुलांचे मध तपासले गेले. फुलाप्रमाणे फरक केवढा निघाला? सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी यांत सुमारे वीस पट. साधारणपणे मध जितका गडद तितके अँटिऑक्सिडंट जास्त.

इथे एक गंमत आहे. सगळ्यांत वर होता बकव्हीट, म्हणजे आपण उपासाला खातो त्या कुट्टूच्या फुलांचा, इलिनॉय राज्यातला मध. आणि सगळ्यांत खाली होता कॅलिफोर्नियातल्या सेज झुडपाचा. ते झुडूप वाढतं कोरड्या डोंगरउतारांवर! म्हणजे 'कोरडा भाग, म्हणून अँटिऑक्सिडंट जास्त' हे समीकरण तिथेच मोडतं. अँटिऑक्सिडंट येतात फुलातून. जमीन दुष्काळी असो की भाताची, फूल कोणतं यावर ते ठरतं. काकांच्या बाटलीतला मध गडद होता, तेव्हा त्यात ते बऱ्यापैकी असतीलही.

ते पोटात जाऊन काही करतात का? २००३ मध्ये चाळीस निरोगी माणसांना बकव्हीटचा मध देऊन त्यांचं रक्त तपासलं गेलं आणि रक्तातली अँटिऑक्सिडंट क्षमता वाढलेली दिसली. बातमी म्हणून हे छान आहे. पण मात्रा होती शरीराच्या दर किलो वजनामागे दीड ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ९० ग्रॅम मध, चार मोठे चमचे भरून. बरोबर काकांचाच डोस. रक्तातला एक आकडा वाढला म्हणजे हृदयविकार किंवा कर्करोग टळला असं होत नाही, हे तर आपण याच्याही आधी शिकलो होतो. १९९४ मध्ये फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या हजारो पुरुषांवरच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. बीटा-कॅरोटीन या नावाजलेल्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी जास्त निघाला होता. तेव्हापासून माझ्या पिढीतले डॉक्टर हा शब्द जरा जपून वापरतात. जाहिरातवाले वापरत नाहीत.

आता सोलापूर.

सोलापूर हा आपल्या सिन्नर-येवल्यासारखाच पर्जन्यछायेतला जिल्हा. तिथल्या डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. सुब्रह्मण्यम हे सर्जन होते. त्या काळात कोणत्याही सरकारी रुग्णालयातला भाजलेल्यांचा वॉर्ड आठवा, म्हणजे ज्यांनी पाहिला असेल त्यांनी. रॉकेलचा स्टोव्ह, नायलॉनची साडी, तरुण बाया, लहान मुलं. ड्रेसिंगच्या वेळचं ओरडणं वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात ऐकू यायचं. उपचाराचं मुख्य हत्यार होतं सिल्व्हर सल्फाडायझिन, ते पांढरं मलम, जे १९६०च्या दशकाच्या शेवटी आलं आणि जगभर भाजण्यावरचं ठरलेलं औषध बनलं. मोठ्या भाजण्याला ते खूप लागतं, आठवडेच्या आठवडे लागतं, आणि गरीब माणसाला महाग पडतं. म्हणूनच भारतातले सर्जन स्वस्त पर्याय शोधत होते. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातले डॉ. केसवानी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीला चिकटवून भाजलेल्या मुलांना बांधत होते आणि १९८५ मध्ये त्यावर त्यांनी लिहिलंही होतं.

सुब्रह्मण्यम यांनी मध घेतला. पोळ्यातून काढलेला, प्रक्रिया न केलेला, पाणी न मिसळलेला. वरवर भाजलेले १०४ रुग्ण घेऊन त्यांचे ५२-५२ चे दोन गट केले. एका गटाला जखम धुऊन मध आणि वर गॉज, दुसऱ्याला पांढऱ्या मलमाचं ड्रेसिंग. निकाल १९९१ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त छापून आला. मधाच्या गटात सात दिवसांत ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या होत्या, मलमाच्या गटात फक्त ७ टक्के. पंधरा दिवसांत जखम भरण्याचं प्रमाण मधात ८७ टक्के, मलमात १० टक्के. वेदना कमी, पुढे कातडी आखडणं कमी.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते फार चांगले वाटले, म्हणजे संशय येण्याइतके. एकाच सर्जनने, एकाच ठिकाणी केलेला अभ्यास. कोणत्या खाटेवर मध आहे हे सगळ्यांना दिसतंय, कारण मध लपवता येत नाही. शिवाय ज्या मलमाशी तुलना केली ते स्वतःच जखम भरायला उशीर लावतं, हे नंतरच्या अभ्यासांत दिसून आलं. शर्यतीत शेजारचा लंगडत असेल तर आपण वेगवान वाटतोच. तरीही इतका मोठा फरक नुसत्या लंगडण्याने पडत नाही.

मध हे कसं करतो, याचा अर्धा उलगडा आधीच झाला होता. १९३७ मध्ये डोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मधात जंतू मारणारं काहीतरी सापडलं. ते काय हे न कळल्यामुळे त्यांनी त्याला 'इनहिबिन' असं नाव देऊन ठेवलं. १९६३ मध्ये अमेरिकेत जोनाथन व्हाइट यांनी ते ओळखलं: हायड्रोजन पेरॉक्साइड. जखमा धुवायला वापरतात तेच, फेस येणारं. मधमाशी मधात एक एन्झाइम मिसळते. मध घट्ट असतो तेव्हा ते झोपलेलं असतं. जखमेतल्या पाण्याने मध थोडा पातळ झाला की ते जागं होतं आणि पेरॉक्साइड थोडं थोडं, तासन्‌तास सोडत राहतं. उष्णतेने हे एन्झाइम मरतं. मध तापवू नये असं सांगणाऱ्या चरकाच्या मनात एन्झाइम नव्हतं हे उघड आहे, त्याची कारणं वेगळी होती. पण जखमेवर लावायच्या मधाला तो दंडक चपखल बसतो.

इथे हुशार वाचक अडवेल. हायड्रोजन पेरॉक्साइड तर ऑक्सिडंट, म्हणजे त्या तापट टोळीतलं. मग मध ऑक्सिडंट की अँटिऑक्सिडंट? दोन्ही. आणि भाजलेल्या जखमेत नेमकं हेच कामाला येतं. भाजल्यावर मधला भाग मरतो, पण त्याभोवती एक कडं असं असतं की जे मेलेलं नसतं, जगण्या-मरण्याच्या उंबऱ्यावर असतं. तिथे धावून आलेल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला फ्री रॅडिकल सोडतात आणि त्या माऱ्यात हे कडंही होरपळतं. जखम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा खोल दिसते त्यामागे हेही एक कारण असतं. सुब्रह्मण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हाच धागा पकडला. भाजलेल्या रुग्णांमध्ये फ्री रॅडिकलच्या नासधुशीच्या खुणा मोजून २००३ मध्ये त्यांनी मांडलं की भाजण्यात मधाचा मुख्य परिणाम या फ्री रॅडिकलना आवर घालण्यातून होतो. 'मुख्य' हा शब्द मला थोडा धाडसी वाटतो, पेरॉक्साइडला आणि पाणी ओढण्याला एवढं मागे ढकलायची माझी तयारी नाही. पण तर्क पटण्यासारखा आहे, कारण जखमेवर लावलेला मध जिथे गरज आहे तिथेच आणि घट्ट असतो. पोटात गेलेला मध पचून, पाच लिटर रक्तात विरघळून जातो.

त्यांचं मला सर्वांत आवडणारं काम मात्र १९९९ चं आहे. तोपर्यंत त्यांनी मधाची तुलना प्लास्टिकच्या पातळ पडद्याशी, गर्भजलाच्या पिशवीच्या पापुद्र्याशी आणि केसवानींच्या बटाट्याच्या सालींशीही केली होती आणि दर वेळी मध जिंकला होता. जगभर 'मधवाले सर्जन' म्हणून नाव झालेलं. अशा वेळी त्यांनी पन्नास रुग्ण घेऊन मधाला आधुनिक शस्त्रक्रियेसमोर उभं केलं: भाजलेली कातडी लवकर, थरथराने काढून वर नवीन कातडी लावणं. मध हरला. मध्यम खोल भाजण्यात शस्त्रक्रिया सरस ठरली, हात-पाय वापरता येण्यातही आणि दिसण्यातही. आणि हे त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच लिहून टाकलं. आपल्याच लाडक्या औषधाचा पराभव शीर्षकात लिहिणारे डॉक्टर मी फार पाहिलेले नाहीत.

त्यानंतर न्यूझीलंडच्या मानुका मधाचा गाजावाजा झाला, २००७ मध्ये अमेरिकेत मधाच्या ड्रेसिंगला सरकारी मान्यता मिळाली. कोक्रेन ही संस्था जगभरचे उपचारविषयक अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या २०१५ च्या आढाव्यात वरच्या थरांपुरत्या भाजण्यात मधाने जखम नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरते असं म्हटलं आहे. त्या निष्कर्षामागे मोठा भाग सुब्रह्मण्यम यांच्याच चाचण्यांचा आहे. लवकर केलेल्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत मधाने उशीर होतो, हेही त्याच आढाव्यात आहे.

आता हे वाचून कुणी स्वयंपाकघरातली बाटली भाजलेल्या हातावर ओतू नये. भाजल्यावर पहिलं काम नळाचं वाहतं साधं पाणी, पूर्ण वीस मिनिटं. त्यानंतर डॉक्टर. टूथपेस्ट, शाई, हळद, मध, काही नको. दवाखान्यात वापरायचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण मधात जंतू वाढत नसले तरी काहींचे बीजाणू त्यात निवांत झोपून राहतात. कोरड्या भागातल्या घट्ट मधातसुद्धा. हेच बीजाणू तान्ह्या बाळाच्या आतड्यात जागे होऊन बोट्युलिझम नावाचा, अंग लुळं पाडणारा आजार करू शकतात. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात तो ओळखला गेला. म्हणून एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, बारशाला नाही आणि बाळगुटीतही नाही. आजीला वाईट वाटलं तरी चालेल. वर्षावरच्या मुलाला रात्रीच्या खोकल्यासाठी अर्धा-एक छोटा चमचा मध चांगला उपयोगी पडतो, ते मी स्वतः लिहून देतो.

आणि बाटलीत मध आहे हे तरी कशावरून? २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाजारातले तेरा ब्रँड तपासले, त्यातले तीनच सगळ्या कसोट्यांना उतरले. बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ निघाली. मध पाण्यात टाकून बघणं, वात भिजवून पेटवणं, कुत्र्याला हुंगवणं, या घरगुती परीक्षांना हा पाक सहज चकवतो. त्यातल्या त्यात, ज्याने मोहोळ काढलं तो माणूस माहीत असेल तर बरं. काकांच्या बाबतीत तो माहीत होता, त्यांच्या मेहुण्याने काढलेला आग्या मोहोळाचा मध होता तो.

हे सगळं काकांना एवढ्या विस्ताराने सांगितलं नाही, बाहेर पंधरा पेशंट बसलेले होते. एवढंच सांगितलं की मध चांगला आहे, पण तुमच्या शरीराला तो साखर म्हणूनच मोजता येतो. रोजचे चार चमचे बंद. चहात साखर नाही घातली त्या दिवशी एखादा छोटा चमचा चालेल, तोही हिशेबात धरून. काकूंनी बाटली पुन्हा पिशवीत घातली आणि विचारलं, "मग सुनेला देऊ का? तिला खोकला आहे." द्या म्हटलं, फक्त नातू किती महिन्यांचा आहे ते आधी सांगा. तो आठ महिन्यांचा निघाला. बाटली वरच्या फळीवर ठेवायचं ठरलं.